आलेखाधारित कार्य-प्रतिमाने व त्यांच्या वेळापत्रणीयतेचे विश्लेषण

रिअल-टाइम, म्हणजे प्रत्येक काम ठरलेल्या मुदतीत पुरे व्हावेच लागते अशा, संगणन प्रणालीत एखादे कार्य खेपेगणिक कोणकोणती कामे प्रोसेसरपुढे टाकू शकते, हे दिशायुक्त आलेखाने मांडणारी प्रतिमाने. आणि त्या सर्व कामांच्या मुदती पाळल्या जातील की नाही, म्हणजेच त्यांची वेळापत्रणीयता, हे यंत्र सुरू होण्यापूर्वीच गणिताने ठरवण्याची रीत. आलेखातील शिरोबिंदू म्हणजे कामाचा एक प्रकार. त्यावर कमाल चालनकाळ आणि मुदत लिहिलेली असते. दोन शिरोबिंदूंना जोडणाऱ्या कडेवर त्या कामांमधले किमान अंतर.

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत गाळप हंगामात अहोरात्र फिरणारे सेंट्रिफ्यूगल यंत्र हे याचे बोलके उदाहरण आहे. टोपलीत मॅसिक्विट (साखरेचे दाणे व मळी यांचे दाट मिश्रण) भरायचे, वेग वाढवून मळी वेगळी करायची, फवाऱ्याने दाणे धुवायचे, वेग उतरवून पात्याने साखर खरवडून खाली पाडायची. दर टप्प्याला नियंत्रकाचे काम वेगळे. सोयीसाठी तीनच टप्पे आणि कल्पित आकडे घेऊ. भरणीचा चालनकाळ २ व मुदत ८, धुणीचा ६ व १०, खरवडीचा १ व ४. भरणीनंतर धुणी किमान २० एककांनी, तिच्यानंतर खरवड ३० एककांनी, खरवडीनंतर पुन्हा भरणी ४ एककांनी. साखर चिकटून राहिली तर खरवडीनंतर पुन्हा खरवड ५ एककांनी.

जुन्या पद्धतीने हे सारे एकाच आवर्ती, म्हणजे ठरावीक अंतराने तेच काम पुन्हा करणाऱ्या, कार्यात कोंबले, तर सर्वांत मोठे काम ६ आणि सर्वांत लहान अंतर ४ धरावे लागते. भार, म्हणजे कामाचे उपलब्ध वेळेशी प्रमाण, १५० टक्के; म्हणजे एका प्रोसेसरवर अशक्य. आलेखात पाहिले तर पूर्ण फेरीत ५४ एककांत ९ एककांचे काम होते आणि नुसत्या खरवडीच्या वेटोळ्यात ५ एककांत १. दीर्घकालीन भार जास्तीत जास्त २० टक्के. धुणी लागोपाठ दोनदा येऊच शकत नाही, ही माहिती जपल्याचे हे फळ.

पण सरासरी भार कमी म्हणून मुदती सुटणार नाहीत, असे म्हणता येत नाही. त्यासाठी मागणी-फलन काढतात : दिलेल्या कालखिडकीत जी कामे सुरूही होतात आणि ज्यांची मुदतही तिथेच संपते, त्यांच्या चालनकाळांची कमाल बेरीज. वरील उदाहरणात १० एककांच्या खिडकीत ती ६ येते. ३४ एककांत खरवड, भरणी, धुणी या मार्गाने ९. सर्वांत जवळच्या मुदतीचे काम आधी, या नियमाने एकच प्रोसेसर चालत असेल, कामे मध्येच थांबवता येत असतील आणि प्रत्येक मुदत पुढच्या अंतराहून मोठी नसेल, तर सर्व कार्यांच्या मागण्यांची बेरीज कोणत्याही खिडकीच्या लांबीहून जास्त न होणे ही आवश्यक आणि पुरेशी अट आहे.

उगमाविषयी एकमत नाही. ल्यू आणि लेलँड यांच्या १९७३ च्या लेखात कार्ये केवळ आवर्ती आहेत. कायम अग्रक्रमांच्या कार्यांचा एकूण भार जिच्या आत राहिला तर मुदती नक्की पाळल्या जातात, ती तेथील सुमारे ६९.३ टक्क्यांची मर्यादा पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. मोक आणि चेन यांचे बहुचौकट प्रतिमान, ज्यात वेगवेगळ्या चालनकाळांची कामे ठरलेल्या क्रमाने फिरून येतात, परिषदेत १९९६ च्या व नियतकालिकात १९९७ च्या सुमारास आले. १९९९ मध्ये त्याचे व्यापक रूप मांडले गेले. या दोहोंत कामांचे एकच बंद वर्तुळ असल्याने काही अभ्यासक त्यांना आलेखाधारित म्हणत नाहीत. फाटे प्रथम बरुआ यांच्या १९९८ च्या शाखायुक्त प्रतिमानात दिसतात, म्हणून प्रारंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. वर वापरलेले सर्वसाधारण दिशायुक्त प्रतिमान मात्र स्टिग, एकबर्ग, ग्वान आणि यी या स्वीडनमधील उप्साला येथील गटाचे, २०११ चे. एकूण भार १ पेक्षा लहान अशा ठरावीक मर्यादेत राहिला तर या सर्वसाधारण प्रतिमानाचीही तपासणी छद्म-बहुपदी वेळात, म्हणजे आलेखाचा आकार व त्यावरील आकड्यांची मूल्ये यांच्या बहुपदीइतक्या वेळात, होते, हे त्यांनी दाखवले. वेटोळ्यांना पूर्ण मोकळीक देऊनही गणन आवाक्यात राहते, हे विशेष.

अग्रक्रम कायमचे ठरलेले असतील तर चित्र पालटते. वरच्या अग्रक्रमाच्या कार्याचा एक मार्ग छोट्या खिडकीत जास्त अडवतो, दुसरा मोठ्या खिडकीत. सर्वांत वाईट असा एकच मार्ग निवडता येत नाही आणि कार्यांगणिक मार्गांच्या जोड्या गुणाकाराने वाढतात. स्टिग आणि यी यांनी २०१२ मध्ये ही समस्या तीव्र अर्थाने को-एनपी-कठीण असल्याचे, म्हणजे तिच्यासाठी छद्म-बहुपदी वेळाची रीतही सापडण्याची आशा नसल्याचे, सिद्ध केले. त्यांनीच २०१३ मध्ये सुचवलेल्या उपायात मार्गांचे गट करून आधी ढोबळ तपासणी करतात आणि जो गट नापास होतो तेवढाच फोडून पाहतात. व्यवहारात हा मार्ग बराच वेगवान ठरतो.

अनेक प्रोसेसरांच्या बाबतीत बहुतेक चाचण्या पुरेशा आहेत, अचूक नाहीत : उत्तीर्ण झाले तर मुदती नक्की पाळल्या जातात, पण नापास झाले म्हणून त्या सुटतीलच असे नाही.