डीपीवरच्या फोटोने आधारचे पैसे निघत नाहीत

‘डीपी (व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रोफाइल फोटो) काढून टाका, फोटो दाखवून आधारचे, म्हणजे आधारला जोडलेल्या बँक खात्यातले, पैसे उचलतात’ हा निरोप खानापूर-निपाणीकडे पुन्हापुन्हा फिरतो. तो चुकीचा आहे. चेहऱ्यावरून आधारची ओळख पटवणारं ‘आधार फेस आरडी’ अ‍ॅप गॅलरीतला फोटो घेतच नाही. कॅमेरा स्वतः उघडतं, पापण्या मिटायला लावतं, समोर जिवंत माणूस आहे का ते तपासतं.

धोका आहे तो ‘केवायसी करायचीय, जरा बघा इकडे’ म्हणत मोबाईल समोर धरणाऱ्या अनोळखी माणसाचा. यावर उपाय बायोमेट्रिक लॉक. आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये ते लावा. बोटं, बुबुळं, चेहरा या तिन्हींनी आधारची ओळख पटणं बंद होतं. ओटीपीवरची कामं मात्र चालूच राहतात, म्हणून ओटीपी कुणालाही सांगू नका.

पेन्शनवाल्या आजी-आजोबांची इथेच अडचण होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढताना ३३० ही चूक दिसली, तर कॅमेरा बिघडलेला नसतो, लॉक लागलेलं असतं. तात्पुरतं उघडलेलं लॉक १० मिनिटांत परत लागतं. बेळगावच्या केंद्रात नंबर आल्यावरच उघडा.

डीपी सगळ्यांना दिसू नये हे खरंच, पण कारण वेगळं. क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने लोकांना न विचारता इंटरनेटवरचे अब्जावधी फोटो गोळा करून चेहरे ओळखणारी यंत्रणा उभी केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत प्रोफाइल फोटोला ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा.