जे तुरट लागतं तेच कापडाला धरतं

पावसाळ्यात नवी कोल्हापुरी चप्पल घालून बाहेर पडलं आणि भिजलं, की तळपायाला तांबूस-चॉकलेटी रंग लागतो, हे आमच्याकडं सगळ्यांना माहितीय. माझ्या पांढऱ्या सलवारीच्या काठाला तो लागला तेव्हा आई म्हणाली, आता हिचा नाद सोड, चहाचा डाग आणि चपलेचा डाग कधी जात नसतोय. तिनं दोन्ही डाग एका दमात घेतले, आणि मी घरी कापडं रंगवायला लागल्यावर कळलं की ते खरंच एकाच गोतावळ्यातले आहेत.

कोल्हापुरीचं कातडं पारंपरिक पद्धतीनं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. या दोन्हीत टॅनिन, म्हणजे झाडांतलं तुरट द्रव्य, भरपूर असतं, आणि चहाचा तपकिरी रंग आणि तुरटपणा पण त्याच जातीच्या द्रव्यांमुळं येतो. टॅनिन ओळखायला लॅब लागत नाही, जीभ पुरते. कोरा चहा कडक करून प्या, कच्चं केळं चाखा, हिरडा चघळा, तोंड लगेच कोरडं पडतं. लाळेतल्या प्रोटीनना टॅनिन चिकटतं आणि त्यांचा साका होतो, जिभेवरचा बुळबुळीतपणा निघून जातो, यालाच आपण तुरट म्हणतो. कातड्यातल्या प्रोटीनला ते असंच धरून बसतं म्हणून कातडं कुजत नाही. आणि सुती कापडावरही ते बऱ्यापैकी बसतं, कारण त्याच्या रेणूवर पाण्याशी आणि धाग्याशी जोडणारे ढीगभर हात असतात, एक सुटला तरी बाकीचे धरून असतात. त्यामुळं घरातली कुठली वस्तू कापड रंगवेल हे बघायचं असेल तर माझा पहिला प्रश्न एकच असतो, ती तुरट आहे का?

चहानं रंगवणं सगळ्यात सोपं. मी सुती ओढणी घेते, साधारण १०० ग्रॅमची, आणि तिला ५० ग्रॅम चहा पावडर, स्वस्तातली डस्ट चालते, उलट तीच जास्त रंग सोडते. नवीन कापड असेल तर आधी धुण्याचा सोडा घालून उकळून त्याची खळ काढायची, हे टाळलं की रंग ठिपक्याठिपक्यानं बसतो. मग तीन-चार लिटर पाण्यात चहा २० मिनिटं उकळायचा, गाळायचा, त्यात ओली ओढणी सोडायची आणि मंद गॅसवर तासभर हलवत राहायची, खळाखळा उकळू द्यायचं नाही, आणि मग रात्रभर तशीच ठेवायची. पातेलं वेगळं ठेवा, परत स्वयंपाकाला घेऊ नका. वाळल्यावर रंग बराच फिका होतो, तेव्हा ओलं असताना हवा त्यापेक्षा दोन पायऱ्या गडद दिसलं पाहिजे. खायचा सोडा चिमूटभर टाकला तर पाणी लालसर गडद होतं आणि लिंबू पिळलं तर फिकं पडतं, लेमन टी करताना हे सगळ्यांनी बघितलेलं असतंय.

दूध मात्र त्या पातेल्यात नको. दुधातलं केसीन हे प्रोटीनच, ते टॅनिनला पाण्यातच गाठतं आणि कापडासाठी फारसं काही उरत नाही. गंमत अशी की आंध्रातल्या श्रीकाळहस्तीला कलमकारी, म्हणजे कलमानं कापडावर चित्रं काढायचं काम, करणारे कारागीर कापड मुद्दाम हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. पण तिथं दूध कापडावरच बसतं आणि वाळतं, आणि पुढचा रंग पसरत नाही. पातेल्यात आड येणारं दूध कापडावर असलं की मदत करतं, म्हणजे प्रश्न जागेचा आहे.

पहिल्यांदा ओढणी बाहेर काढली तर सगळी छान बदामी झालेली आणि काठाची शिलाई मात्र पांढरीच्या पांढरी. दोरा पॉलिस्टरचा होता. त्यावर टॅनिनला धरायला जागाच नाही, म्हणून तयार कपडा रंगवायच्या आधी लेबल बघा, मिक्स कापड असेल तर रंग अर्धाच बसणार. रेशीम आणि लोकर ही प्रोटीनच, ती सुतापेक्षा कितीतरी सहज रंगतात.

आता तुरटी. नावातच तुरट आहे! जिभेवर लागतं पण तसंच, फक्त इथं काम करतो ॲल्युमिनियम. हा धातू एका हातानं टॅनिनला आणि दुसऱ्या हातानं रंगाला धरतो, म्हणून सुती कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं आणि मग तुरटीच्या, कापडाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी पुरते. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात पावडर करून मिळतो, आणि आमच्या राधानगरीकडच्या जंगलात त्याची झाडं आहेतच. असं तयार केलेलं कापड कांद्याच्या वाळक्या टरफलांच्या पाण्यात टाकलं की सोनेरी-केशरी होतं, डाळिंबाच्या सालीत पिवळं. टरफलं फुकट मिळतात, भाजीवाल्या मावशींना सांगून ठेवलं की पिशवी भरून देतात. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कुठं सुचवलेलं दिसलं तर घरात वापरू नका, ते विषारी आहे आणि ते पाणी शेवटी गटारातनं पंचगंगेतच जातंय.

हळद आणि बीट सगळे पहिल्यांदा करून बघतात आणि मग नाराज होतात. हळद मस्त चढते पण उन्हात उडते, आणि साबण लागला की लाल होते, कारण साबणासारख्या अल्कलीत हळदीतल्या कुरकुमिन या रंगद्रव्याचा रंग बदलतो, हळदीपासनं कुंकू होतं ते याच गुणामुळं. बीटाचा गुलाबी तर दोन धुण्यात जातो. हे दोन्ही मी सोडून दिलेत.

मला सगळ्यात आवडतो तो काळा. लोखंड आणि टॅनिन भेटले की काळं होतं, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बायकांना माहितीय, केसांची मेंदी चहाच्या पाण्यात आणि लोखंडी कढईतच रात्रभर भिजवतात ना, आणि विळीवर कच्चं केळं चिरलं की बोटं काळी पडतात. त्यासाठी लोखंडाचं पाणी करायचं, आणि त्याला लागतो गूळ, जो कोल्हापुरात शोधावा लागत नाही. गंजके खिळे, मूठभर गूळ आणि पाणी काचेच्या बरणीत दोन-तीन आठवडे ठेवायचं, झाकण सैल ठेवा कारण आत गॅस होतो. गूळ आंबतो, त्याची आधी दारू आणि मग व्हिनेगरसारखं ॲसिड होतं आणि ते लोखंडाला विरघळवतं. कलमकारीतला काळा पण लोखंड आणि गुळाचाच. चहात रंगवलेली बदामी ओढणी बादलीभर पाण्यात या पाण्याचे दोन चमचे टाकून बुडवली की मिनिटभरात राखाडी होते, आणि दोरीवर वाळत घातली की अजून काळी होत जाते, कारण हवेतला ऑक्सिजन लोखंडाला पुढच्या अवस्थेत नेतो आणि गडद रंग त्या अवस्थेचा असतो. मी हे दर वेळी दोरीखाली उभी राहून बघते.

लोखंड जास्त घालू नका, कापड कालांतरानं कमकुवत होतं, जुन्या वस्त्रांत काळा भाग आधी झिजतो तो यामुळंच. मी राखाडीवरच थांबते.

ती राखाडी ओढणी घालून मी मिसळ खायला गेले होते. कटाचा लाल थेंब पडला आणि लिंबू पिळताना लिंबाचापण. कटाचा डाग साबण आणि दोन दिवसांच्या उन्हात गेला, मिरचीचा रंग उन्हात टिकत नाही. लिंबाच्या थेंबाजागी मात्र फिका बदामी ठिपका राहिला, सायट्रिक ॲसिडनं लोखंड ओढून नेलं आणि खालचा चहा तसाच राहिला. स्वच्छ धुऊन तेवढाच कोपरा परत लोखंडाच्या पाण्यात बुडवला तर ठिपका भरून आला, बघायला गेलं तर हाताला सापडत नाही आता.