होम असिस्टंट : लघुसंगणक व आभासी यंत्रांवरील स्थापना

घरातील दिवे, पंखे, वातानुकूलन, संवेदक, कॅमेरे अशी निरनिराळ्या उत्पादकांची साधने घरातल्याच एका संगणकावरून चालविणारी मुक्तस्रोत आज्ञावली. ती पायथन भाषेत लिहिलेली असून अपाचे २.० परवान्याखाली उपलब्ध आहे. ती चोवीस तास चालू राहावी लागते. म्हणून नेहमीच्या वापरातल्या संगणकाऐवजी रास्पबेरी पायसारख्या कमी वीज खाणाऱ्या लघुसंगणकावर किंवा आधीच चालू असलेल्या सर्व्हरमधील आभासी यंत्रावर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर, तिची स्थापना करतात. या वर्गात ओपनहॅब (आरंभ २०१०, जावा भाषेत) ही आज्ञावली होम असिस्टंटपेक्षा जुनी आहे.

आरंभ : नेदरलँड्सचे पॉलस स्खाउटसेन यांनी फिलिप्स ह्यू दिवे सूर्यास्ताला आपोआप लागावेत यासाठी लिहिलेल्या छोट्या पायथन कार्यक्रमातून ही आज्ञावली वाढली. ह्यू दिवे ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आले, तेव्हा हा कार्यक्रम त्यानंतरचा. प्रकल्प मात्र आपला वाढदिवस १७ सप्टेंबर २०१३ हा मानतो, कारण त्या दिवशी आज्ञावलीच्या मूळ मजकुराच्या सार्वजनिक भांडारात पहिली नोंद झाली. तपासून पाहता येण्याजोगी असल्याने हीच तारीख धरणे योग्य. २०२४ पासून प्रकल्पाची मालकी स्वित्झर्लंडमधील ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे.

स्थापनेच्या पद्धती : सुरुवातीला लिनक्सवर पायथनचे स्वतंत्र वातावरण तयार करून त्यात आज्ञावली उतरवून घ्यावी लागे. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांचा आधार वेळोवेळी काढला जाई आणि प्रत्येक वेळी ते वातावरण नव्याने उभारण्याचे काम घरमालकावर पडे. २०१६ च्या सुमारास आलेल्या हॅसबियनमुळे रास्पबेरी पायसाठी तयार प्रतिमा, म्हणजे संपूर्ण प्रणालीची एकसंध प्रत, मिळाली. ती एसडी कार्डावर लिहिली की यंत्र सुरू होई. ‘कार्डावर लिहा आणि चालवा’ या पद्धतीचा आरंभ हॅसबियनपासून मोजावा की जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या हॅस डॉट आयओपासून, याबाबत दोन्ही बाजूंनी बोलता येते. हॅसबियन काळाने आधीचे आहे, पण आतून ते रास्पबियन, म्हणजे रास्पबेरी पायची नेहमीची लिनक्स प्रणालीच, होते. पहिला दिवस सोपा झाला तरी पुढची डागडुजी मालकाकडेच राहिली. हॅस डॉट आयओमध्ये मूळ प्रणाली, आज्ञावली आणि पूरक कार्यक्रम या सर्वांची अद्यतने सुपरवायझर नावाच्या एका घटकाकडे सोपविली गेली. आजच्या पद्धतीचे मूळ यात अधिक स्पष्ट दिसते. हॅस डॉट आयओ आधी रेझिनओएस या लिनक्स प्रणालीवर चालत असे. २०१८ मध्ये रेझिनओएसची जागा बिल्डरूट हे लिनक्स बांधण्याचे साधन वापरून खास बांधलेल्या हॅसओएसने घेतली.

नावांचा गुंता : जुने लेखन वाचताना येथे हमखास चूक होते. जानेवारी २०२० मध्ये हॅस डॉट आयओचे नाव ‘होम असिस्टंट’ झाले आणि तोवर होम असिस्टंट म्हणून ओळखली जाणारी मूळ आज्ञावली ‘होम असिस्टंट कोअर’ झाली. म्हणजे २०१९ च्या मजकुरातील ‘होम असिस्टंट’ आणि २०२१ च्या मजकुरातील ‘होम असिस्टंट’ एकच नव्हेत. पुढे स्थापनेच्या पद्धतींना ऑपरेटिंग सिस्टिम (संपूर्ण प्रणाली), कंटेनर (अलग डब्यात चालणारी नुसती आज्ञावली), कोअर (पायथन वातावरणातली नुसती आज्ञावली) व सुपरवाइज्ड (मालकाच्या स्वतःच्या लिनक्सवर सुपरवायझरसह) अशी चार नावे रूढ झाली. त्यांतील सुपरवाइज्ड पद्धत बंद करण्याची घोषणा मे २०२० मध्ये झाली होती, पण वापरकर्त्यांच्या विरोधामुळे ती थांबविण्यात आली. मे २०२५ मध्ये कोअर व सुपरवाइज्ड या दोन्ही पद्धती आणि ३२ बिटी यंत्रे यांचा अधिकृत आधार काढण्याचे पुन्हा जाहीर झाले. ज्यांचे घर या पद्धतींवर वर्षानुवर्षे चालले, त्यांच्यासाठी हे स्थलांतर किरकोळ नव्हते.

रचना : होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मूळ प्रणालीचे दोन कप्पे असतात. एक चालू असताना अद्यतन दुसऱ्यात लिहिले जाते. नवा कप्पा सुरू झाला नाही, तर यंत्र जुन्याकडे परतते. मूळ प्रणाली फक्त वाचता येते. मालकाची माहिती वेगळ्या विभागात राहते आणि तो विभाग पहिल्या प्रारंभावेळी उरलेली साठवण व्यापतो. सर्व कार्यक्रम डॉकर या साधनाच्या, एकमेकांपासून अलग ठेवलेल्या डब्यांत चालतात. स्थापनेनंतर ब्राउझरमधून ८१२३ या पोर्टवर पहिले खाते उघडतात.

आभासी यंत्रावर : प्रॉक्समॉक्स (डेबियन लिनक्स व केव्हीएम या आभासीकरण घटकावर आधारित), व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर व हायपर-व्ही या आभासी यंत्रे चालविणाऱ्या आज्ञावल्यांसाठी तयार डिस्कप्रतिमा मिळतात. किमान २ जीबी स्मृती, ३२ जीबी साठवण व २ आभासी प्रक्रियक सुचविले जातात. यंत्र यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली प्रारंभव्यवस्था) पद्धतीने सुरू व्हावे लागते आणि सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी अट) बंद ठेवावा लागतो. प्रतिमा लिहूनही काळा पडदाच दिसत असेल, तर आधी या दोन गोष्टी तपासाव्यात. जाळे ‘ब्रिज’ पद्धतीने, म्हणजे आभासी यंत्र घराच्या जाळ्यात स्वतंत्र साधनासारखे दिसेल असे, जोडावे. नॅटमागे, म्हणजे यजमान संगणकाच्या पत्त्याआड, राहिलेल्या यंत्रापर्यंत घरातील साधनांच्या बहुप्रक्षेपित (मल्टिकास्ट) हाका पोहोचत नाहीत आणि साधने आपोआप सापडत नाहीत.

झिगबी या संवेदक-दिव्यांच्या बिनतारी जाळ्यासाठीची यूएसबी कांडी आभासी यंत्राकडे वेगळी सुपूर्द करावी लागते. हायपर-व्हीमध्ये ही सोय नाही. लघुसंगणकावर तिचा त्रास निराळा. यूएसबी ३.० च्या जोडण्यांमधून २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्ये नोंदविले आहे आणि झिगबीही याच पट्ट्यात चालते. कांडी थेट खाचेत न खोचता यूएसबीच्या लांब वायरीने दूर ठेवली, की तुटणारे संवेदक बहुधा स्थिर होतात.

साठवण : आज्ञावली प्रत्येक बदलाची नोंद एसक्यूलाइट विदागारात (डेटाबेसमध्ये) करते आणि एरवी दहा दिवसांचा तपशील जपते. या अखंड लेखनाने एसडी कार्ड झिजते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर विदागार बिघडू शकते. महाराष्ट्रात जिथे वीज वरचेवर जाते, तिथे घराचा इन्व्हर्टर राउटरबरोबर या लघुसंगणकालाही जोडलेला असावा. माहितीचा विभाग बाहेरील एसएसडीवर हलविण्याची सोय प्रणालीतच आहे आणि ती पहिल्याच दिवशी वापरलेली बरी. लघुसंगणकावरून आभासी यंत्राकडे जाताना पूर्ण बॅकअप नव्या स्थापनेच्या पहिल्या पडद्यावरच परत भरता येतो. २०२५ च्या आरंभी आलेल्या स्वयंचलित बॅकअप व्यवस्थेत बॅकअप उघडायला एरवी सांकेतिक किल्ली लागते. ती किल्ली त्याच यंत्रावर ठेवू नये, कारण यंत्र बंद पडले तर किल्लीही त्याच्यासोबत जाते.