लिंकनच्या पक्षाला काळ्यांची मतं का मिळत नाहीत? मधल्या शंभर वर्षांची गोष्ट

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो, की गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता ना, मग आज तिथले बहुतेक कृष्णवर्णीय डेमोक्रॅट्सना मत का देतात आणि दक्षिणेतले गोरे रिपब्लिकनांच्या मागे का? "पक्षांनी जागा बदलल्या" एवढं सांगून लोक मोकळे होतात, पण त्यात मधली शंभर वर्षं गायब होतात, आणि खरं राजकारण त्यातच घडलंय. मी दक्षिणेतलं एकच राज्य घेतो, मिसिसिपी.

मूळ भानगड थेट घटनेपासून. १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहिली तेव्हा ठरलं की प्रतिनिधीगृहातल्या (संसदेच्या खालच्या सभागृहातल्या) जागा वाटताना गुलामांची लोकसंख्या तीन-पंचमांश धरायची. म्हणजे ज्याला मत नाही त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जादा जागा, आणि अध्यक्ष निवडणारी इलेक्टोरल मतंही त्याच जागांवर ठरतात, त्यामुळे तिथेही फायदा. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे होते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग १८६१ ते ६५ चं उत्तर विरुद्ध गुलामगिरीवाली दक्षिण असं यादवी युद्ध, सहा लाखांच्या वर माणसं मेली, गुलामगिरी गेली, आणि १८७० पर्यंत काळ्या पुरुषांना घटनेनेच मताचा हक्क दिला. मिसिसिपीत तेव्हा निम्म्याहून जास्त लोक काळे होते, आणि त्याच वर्षी तिथून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात गेले, देशातले पहिले कृष्णवर्णीय सिनेटर! १८७५ ला त्याच राज्यातून ब्लँच ब्रूस गेले, ते तर जन्माने गुलाम. हे सगळे लिंकनच्या पक्षाचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली ती नेमकी याच काळात, आणि ती तारीख वाचली की मला दरवेळी वाईट वाटतं कारण पुढे चारच वर्षांत तिथे सगळं फिरलं.

मिसिसिपीत तर त्याच्याही आधी, १८७५ च्या निवडणुकीतच, गोऱ्यांच्या हत्यारबंद टोळ्यांनी काळ्या मतदारांना घाबरवून, मारून सत्ता ताब्यात घेतली होती. १८७६ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत वाद झाला, २० इलेक्टोरल मतं कोणाची हेच ठरेना, शेवटी रिपब्लिकन हेज १८५ विरुद्ध १८४ असे एका मताने अध्यक्ष झाले आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या रिपब्लिकन सरकारांना राखणारं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. पाठीराखा गेला.

आता १८९० चं मिसिसिपीचं नवीन संविधान बघा, कारण बाकीच्या दक्षिणी राज्यांनी पुढे हाच कित्ता गिरवला. त्यात 'काळ्यांना मत नाही' असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं की मतदाराने दोन डॉलर पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर द्यावा लागणारा कर भरायचा, आणि राज्याच्या संविधानातलं कुठलंही कलम वाचून दाखवायचं, वाचता येत नसेल तर ऐकून समजलं असं दाखवायचं किंवा त्याचा योग्य अर्थ सांगायचा. योग्य म्हणजे काय ते ठरवणार समोर बसलेला गोरा अधिकारी. अडाणी गोऱ्याला सोपं कलम आणि शिकलेल्या काळ्याला किचकट, संपला विषय. लुइझियानात अशाच नियमांनी काय झालं ते आकड्यात दिसतं, १८९६ ला नोंदलेले काळे मतदार १ लाख ३० हजारांच्या वर, १९०४ ला जेमतेम १,३०० च्या आसपास. मिसिसिपीतून तर १८८३ नंतर थेट १९८७ पर्यंत एकही कृष्णवर्णीय माणूस काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेला नाही.

अशा दक्षिणेत एकच पक्ष उरला, तिथल्या गोऱ्यांचा डेमोक्रॅटिक. १९३६ ला मिसिसिपीत डेमोक्रॅट अध्यक्ष रुझवेल्टना ९७ टक्के मतं पडली! विरोधक नसल्यामुळे तिथले खासदार वर्षानुवर्षं निवडून यायचे, ज्येष्ठतेने काँग्रेसच्या समित्यांचे अध्यक्ष व्हायचे, आणि त्यांना दुखवून कुठलाच कायदा पुढे जाईना. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी (म्हातारपणच्या पेन्शनच्या) कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुतेक काळे तीच कामं करायचे. तरीही उत्तरेच्या शहरांत स्थलांतर करून गेलेले काळे मतदार याच काळात रुझवेल्टकडे वळले, कारण मंदीत हाताला काम आणि मदत तिथून मिळत होती. म्हणजे एकाच पक्षात काळे मतदारही आणि त्यांना दाबणारेही, हे किती दिवस टिकणार?

१९४८ ला डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रुमननी नागरी हक्कांची बाजू घेतली (त्याच वर्षी सैन्यातला वर्णभेद बंद करायचा आदेशही काढला), दक्षिणी डेमोक्रॅट्सनी वेगळी चूल मांडून स्ट्रॉम थर्मंडना उभं केलं आणि मिसिसिपीसकट चार राज्यं जिंकली. १९६४ ला डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सननी नागरी हक्क कायदा केला (त्या मतदानात रिपब्लिकनांचा पाठिंबा टक्केवारीत डेमोक्रॅट्सपेक्षा जास्त होता, कारण विरोध मुख्यतः दक्षिणी डेमोक्रॅट्सचा), पण रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरनी विरोधात मत दिलं, 'राज्यांच्या हक्कां'चं, म्हणजे केंद्राने राज्यांच्या कारभारात पडू नये असं कारण देऊन. जॉन्सन ४४ राज्यं जिंकले आणि मिसिसिपीत गोल्डवॉटरना ८७ टक्के. ९७ टक्केवालं तेच राज्य, मधे फक्त २८ वर्षं. तिथल्या गोऱ्यांनी भूमिका बदललीच नव्हती, ती जपणारा पक्ष बदलला, मला तरी हे असंच दिसतं.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने मिसिसिपीतल्या काळ्यांची मतदार नोंदणी ७ टक्क्यांच्या आतून दोन वर्षांत ६० च्या जवळ गेली. गव्हर्नर मात्र १९९१ च्या निवडणुकीपर्यंत डेमोक्रॅटच येत राहिला, स्थानिक पातळीवर पक्षांतर इतकं सावकाश झालं.

आणि १८९० चं ते संविधान मिसिसिपीत अजून लागू आहे. पोल टॅक्स गेला, परीक्षा गेली, पण कुठल्या गुन्ह्यांनी मताचा हक्क कायमचा जातो ती यादी राहिली. तेव्हा ती काळ्यांच्या माथी मारले जाणारे गुन्हे बघून केली होती, त्यात चोरी होती, जाळपोळ होती, खोट्या सह्या होत्या, खून नव्हता. खून १९६८ मध्ये घातला, चोरी अजून आहे.