भुलीच्या गॅसवरचा संशय किती जुना आहे

"भूल देल्ली तवापासून बुढीचं डोस्कं जाग्यावर नाही." वर्धा-यवतमाळकडच्या गावांत हे लय ऐकायला मिळतं, आणि ते अडाण्यांचं भ्याव म्हणून कोणी उडवून लावू नये, कारण शिकलेल्या डॉक्टरांनाही हाच संशय आधीपासून आहे.

१८४६ मध्ये बोस्टनला इथर देऊन ऑपरेशन झालं, पुढच्याच वर्षी सिम्प्सननं एडिनबरात क्लोरोफॉर्म आणला. १८८७ मध्ये जॉर्ज सॅव्हेज नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं भुलीनंतर वेड लागलेल्या पेशंटबद्दल लिहिलं. मग १९५५ ला बेडफर्ड नावाच्या डॉक्टरचा लेख लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला, त्याला तर नातेवाईकच येऊन सांगत होते की ऑपरेशन झाल्यापासून आमचा म्हातारा पहिलेसारखा राहिला नाही, म्हणजे आपल्या ओसरीवरचीच गोष्ट झाली ना.

पक्का आकडा यायला १९९८ उजाडलं. साठीपुढच्या १२१८ जणांची ऑपरेशनआधी आणि नंतर बुद्धीची परीक्षा घेतली, तर आठवड्यानं २५.८ टक्के आणि तीन महिन्यांनी ९.९ टक्के लोक मागं पडलेले दिसले. २००४ मध्ये अमेरिकेत एकेनहॉफच्या टीमला प्रयोगशाळेत दिसलं की हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेन, म्हणजे नाकातोंडावाटे देतात ते गॅस, अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाच्या गाठोळ्या व्हायला मदत करतात आणि त्यानं पेशींना जास्त इजा होते, अन् अल्झायमरमध्ये मेंदूत साचतो तो हाच पदार्थ, त्यामुळं सगळे घाबरले. पण ते झालं काचेच्या नळीत, जित्या माणसाच्या मेंदूत नाही, हे लोक विसरतात.

माझ्या मते गॅसवरचा दोष सगळ्यात हलका झाला तो कमरेतल्या इंजेक्शनशी तुलना केल्यावर. २०२१ मध्ये खुबा मोडलेल्या १६०० पेशंटमध्ये अर्ध्यांना पूर्ण भूल, अर्ध्यांना कमरेतून, आणि बरळणं-भ्रम दोन्हीकडं जवळजवळ सारखाच, पाचातल्या एकाला. मग गॅस नसतानाही होतं काहून? ऑपरेशनच्या जखमेनं अंगात उठणारा दाह मेंदूपर्यंत जातो असं आता मानतात, शिवाय वय, दुखणं, झोपमोड, आणि आधीच सुरू झालेला पण घरच्यांच्या ध्यानात न आलेला विसरभोळेपणा. डिमेन्शियाचं, म्हणजे कायमच्या स्मृतिभ्रंशाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकला २०१३ मध्ये भुलीशी संबंध सापडला नाही, तैवानच्या काही अभ्यासांत सापडला, वाद चालूच आहे.

मले राग येतो तो एवढ्याचाच, की या भ्यावापायी खुबा मोडलेल्या म्हातारीला ऑपरेशन न करता महिनाभर बाजेवर ठेवतात, न्युमोनिया न् पाठीच्या जखमा तिथंच होतात.