पॉवर दुप्पट केली की एस-मीटर एक घर चढतो?

इंदुरातल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींत हा समज फार जुना आहे: ५० वॅटचे १०० केले की समोरच्याच्या एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा, काटा एक घर वर जातो. नाही जात! मीटरवरचं एक घर, म्हणजे एक एस-युनिट, ६ डेसिबलचं (डेसिबल हे सिग्नल किती पट वाढला ते सांगणारं माप). त्यासाठी रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज दुप्पट व्हावं लागतं, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौपट लागते. दुप्पट पॉवरचे ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम अर्धं घर. एचएफवर (शॉर्टवेव्हवर) एस-९ म्हणजे रिसीव्हरच्या ५० ओहम इनपुटवर ५० मायक्रोव्होल्ट. एस-८ ला २५, एस-७ ला साडेबारा. (व्हीएचएफवर, म्हणजे त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सींवर, एस-९ फक्त ५ मायक्रोव्होल्टचा.) शिवाय बरेच मीटर खालच्या घरांत हे प्रमाण पाळतच नाहीत. तेव्हा सिग्नल वाढवायचा तर रामबागेतल्या गच्चीवर अँटेनाच्या केबलच्या जोडात पावसाचं पाणी शिरलंय का, ते आधी बघा, ॲम्प्लिफायर नंतर.