घरी येतं, पेपरात उतरत नाही

पुण्यातल्या शाळांच्या पालकसभांमध्ये एक तक्रार नेहमी कानावर येते, "घरी सगळं येतं हो त्याला, पेपरात उतरत नाही." त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे लक्ष नाही, आळस आहे. या उत्तराने कितीतरी मुलं विनाकारण दुखावली गेली आहेत. कारण अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशारी असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण, हेही असू शकतं.

१८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार, पण वाचता न येणाऱ्या मुलाची नोंद केली. त्यानंतर बराच काळ या अडचणीचा शोध अक्षरओळखीभोवतीच फिरला. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी कार्यस्मृतीची कल्पना मांडली. म्हणजे ऐकलेलं-वाचलेलं क्षणभर मनात धरून त्यावर काम करायचं, आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणारी एक 'कार्यकारी' यंत्रणा. १९८० मध्ये हेज आणि फ्लॉवर या संशोधकांनी लेखनातही आखणी, शब्दांत मांडणं आणि तपासणं अशी कामं चालतात, हे दाखवलं. म्हणजे अक्षर उत्तम ओळखणारं मूलही निबंधात अडकू शकतं.

मराठीत कार्यस्मृतीवर ताण कुठे येतो ते पाहण्यासारखं आहे. आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी. लांब वाक्यात कोण, कुणाला, कुठे हे सगळं तिथपर्यंत मनात धरावं लागतं. मधलं काही निसटलं की अर्थ गेला. 'किती'मधली पहिली वेलांटी पानावर 'क'च्या आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. मोठ्यांना हे जाणवतही नाही.

महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांगत्वांच्या यादीत घेतली, पण तिच्या व्याख्येत वाचन, लेखन, गणित आहे. आखणी आणि कार्यस्मृतीचा उल्लेख नाही. वाढीव वेळ मिळतो, तो हवाच. पण सुरुवात कुठून करायची हेच सुचत नसेल, तर तो वेळ कोऱ्या पानासमोर जातो.

आपल्या मराठीच्या पेपरात 'मुद्द्यांवरून कथालेखन' हा प्रश्न वर्षानुवर्षं आहे. त्यात आखणी छापूनच मिळते. निबंधाला कोरं पान देणारं मूल तिथे किती लिहितं, हे शिक्षकांनी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघावं.